दुहेरीची सही

टेनिसची दुहेरी म्हटली की लोकांना जाळ्याजवळ उड्या मारणाऱ्या चौघी दिसतात. मला दिसतं एक मेज, मेजाच्या पायाला दोरीनं बांधलेलं पेन आणि भोवती तीसेक मुली. त्यांतल्या अर्ध्यांना आपण कुणाबरोबर खेळणार हेच ठाऊक नसतं. घड्याळात साडेअकरा वाजलेले असतात, आणि बाराला यादी बंद होते.

त्या मेजामागे मी पंधरा वर्षं बसले. आमच्या भागातल्या एका क्लबात दर हिवाळ्यात बायकांची व्यावसायिक स्पर्धा व्हायची. ‘व्यावसायिक’ या शब्दानं दिपून जाऊ नका. तुम्ही टीव्हीवर बघता ती माडी झाली. आमची स्पर्धा म्हणजे तिथं चढायच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी. पाठीवर स्वतःएवढी बॅग घेऊन देशोदेशीच्या पोरी यायच्या, चार दिवस आमच्याकडचं माशाचं हुमण तिखट म्हणून पाव-केळी खायच्या, आणि एखादा गुण मिळाला तर तो घेऊन पुढच्या गावाला जायच्या. हे गुण म्हणजे जागतिक यादीतले गुण. ते साठले की नंबर वर सरकतो. पहिल्या फेरीत हरलं तर काहीच मिळत नाही. एक फेरी जिंकली की पहिला गुण. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मूळची डिचोलीची, लग्न होऊन पेडण्यात आले. नोकरी डिचोलीच्या शाळेत, खेळाची शिक्षिका. टेनिसशी माझा संबंध काय, तर काही नाही. क्लबाला रेषेवर उभं राहून चेंडू आत पडला की बाहेर हे सांगणारी माणसं हवी होती, आणि मला कबड्डीच्या रेषा पाठ होत्या. चार वर्षं उन्हात वाकून उभी राहिले. मग रेफरी दामले सर म्हणाले, “बाई, तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही ऑफिसात बसा.” ही बढती होती की शिक्षा, ते मी विचारलं नाही.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मी सत्तेचाळीस वर्षांची होते. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी वाट बदलेन. पेडण्याच्या दमट हवेत निळा ब्लेझर घालायची. गळ्यात शिट्टी. टेनिसमध्ये शिट्टी वाजवत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही; सांगितलं होतं. रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांना घड्याळ लावायची आणि ते भिंतीवर असं टांगायची की दारातून शिरणाऱ्याला आधी घड्याळ दिसावं, मग मी. इंग्रजी बोलताना मान वाकडी करायची. मुली मला ‘मॅडाम क्लॉक’ म्हणत हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर खूशच झाले असते, एवढी मी अडाणी.

आता काम सांगते. एकेरीत खेळाडू एकटी येते, एकटी रडते, काही त्रास नाही. दुहेरीत जोडी लागते. दोघींचे यादीतले नंबर मिळवायचे, बेरीज जितकी लहान तितकी जोडी वर. सोळा जोड्या आत, बाकीच्या राखीव. म्हणजे तुमचा नंबर बाराशे असेल आणि चारशेवाली कुणी भेटली तर तुमचं भाग्य उघडलं. त्यामुळे सह्यांच्या दिवशी माझ्या मेजापुढे जे चालायचं ते स्थळं बघण्याहून वेगळं नव्हतं. ही हिला विचारते, ती म्हणते विचार करून सांगते, आणि विचार करायला जाते ती थेट दुसऱ्या मुलीपाशी. कुणी मला बाजूला घेऊन विचारायच्या, “ती चारशे दहावाली मोकळी आहे का?” एकीनं तर विचारलं, “तिचा स्वभाव कसा आहे?” मी म्हटलं, “बाय, तुला एक दिवस तिच्याबरोबर खेळायचंय, नांदायचं नाही.”

आणि एका वर्षी एका मुलीनं दुसरीला न विचारताच तिचं नाव आपल्या नावापुढे लिहून सही ठोकली. तासाभरानं दुसरी आली, तिच्याबरोबर तिची खरी जोडीदारीण. तिघी माझ्यापुढे, तीन भाषांत भांडण, एक रडतेय, एक बॅग आपटतेय. दामले सरांना जेवण सोडून यावं लागलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या टाइपरायटरवर एक कागद बडवून आणला आणि ऑफिसच्या जनेलाच्या काचेवर चिकटवला: ‘दुहेरीच्या सहीसाठी दोन्ही खेळाडूंनी जातीनं हजर राहावं.’ खाली माझी सही, तारीख, आणि शाळेचा शिक्का मारायचा मोह मी कसाबसा आवरला. तीन वर्षं तो कागद तिथं होता. मुलींना वाटायचं हा टेनिसचा नियम. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं.

तर आता रसिका आणि वृंदा.

वृंदा माझी विद्यार्थिनी, सुर्ल्याची. बाप खनिजाचा ट्रक चालवायचा. आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळायला यायची ती आधी झाडू घेऊनच, कारण ट्रकांची तांबडी धूळ रात्रीत रेषा पुसून टाकायची. रसिका तुयेची, तिचा बाप सगुण तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. दहाव्या वर्षापासून दोघी बरोबर खेळल्या. एकटं एकटं बघितलं तर दोघी बेताच्या. पण कोर्टाच्या एका बाजूला उभ्या केल्या की काय व्हायचं कोण जाणे. एक पुढे गेली की दुसरी न बघता मागे. मी शिट्टी गळ्यात घालून शिकवलेलं हे नव्हतं.

त्या वर्षी दोघी एकोणीस वर्षांच्या. क्लबानं ठरवलं की स्थानिक जोडीला वाइल्ड कार्ड द्यायचं. म्हणजे सोळांतली एक जागा यजमान आपल्या मर्जीनं देऊ शकतो, नंबर न बघता. एवढंच, की यादी बंद होण्याआधी त्यांची सही पडलेली हवी. सगुणनं रसिकाला सांगितलं होतं, “एक गुण घेऊन ये. आणलास तर आणखी एक वरीस खेळ. नायतर कारखान्यात पॅकिंगला जागा आसा, साहेबांका मी सांगलंय.” वाईट माणूस नव्हता तो. नऊ वर्षं स्कूटरवरून पोरीला डिचोलीला आणणं-नेणं त्यानंच केलं होतं. दमला होता.

सह्यांचा दिवस शनिवार. साडेअकराला वृंदा दारात, एकटीच.

“रसिका कुठंय?”

“येता हां, टिचर. देवळात आसा.”

“देवळात? आज?”

“तिच्या पप्पान कौल लावलाय.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय मोठं काम होत नाही. पुजारी देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे हात जोडून बघत राहतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घर बांधायचं असो, ऑपरेशन असो. माझ्या लग्नाला डावी पडली होती. सासऱ्यांनी प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला, मग उजवी पडली. चाळीस वर्षांत मला कधीकधी वाटतं की देवी पहिल्यांदाच खरं बोलली होती.

तर सगुण पोरीला समोर उभी करून विचारत होता: खेळू दे, की कारखान्यात घालू? आणि पाकळी पडत नव्हती. पाकळीला पाणी जास्त लागलं की ती चिकटते ती चिकटते. देवीला घाई नसते. मला होती.

पावणेबाराला मी वृंदाला म्हटलं, “फोन लाव.” क्लबाच्या कोपऱ्यावर उभं राहिलं तरच मोबाइल लागायचा. ती धावत गेली, धावत आली.

“पाकळी अजून पडाक नाय.”

“कुठली?”

“खंयचीच नाय.”

“अगो, मग पंखा लावायला सांग!”

“देवळात पंखो नाय, टिचर.”

मेजापुढे गर्दी चालूच होती. एक उंच युरोपी मुलगी, तिला मी कात्या म्हणते कारण तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, ती आपल्या जोडीदारणीबरोबर सही करून गेली. दोघींनी एकमेकींकडे बघितलंही नाही. अशाही जोड्या असतात. दामले सर आतल्या खोलीतून डोकावले.

“कुणाची वाट बघताय, बाई?”

“देवीची,” मी म्हटलं. चिडून म्हटलं. त्यांना वाटलं देवी नावाची खेळाडू आहे. यादीत शोधायला लागले.

बाराला सहा मिनिटं असताना वृंदा पुन्हा कोपऱ्यावरून आली. “पडली! निघाली ती. पप्पा स्कूटर काढतत.” तुयेहून क्लब, स्कूटर कितीही पिदडली तरी पंधरा मिनिटं.

“टिचर, मी करतंय ना दोघांची सही.” तिनं पेन उचललं.

मी कागदाकडे बोट केलं. काचेवरच्या.

“टिचर, ती येताच हा. तिनंच सांगलान, तू कर म्हणून. फोनवर विचारा तिका.”

“दोघी हव्यात.”

“पण टिचर...”

“वृंदा, मी तुझी टिचर शाळेत. इथं नाही.”

हे वाक्य मी खरंच बोलले. मान वाकडी करून.

मग मी आत गेले, दामले सरांना सांगायला की यादी बंद करतेय. ते नियमपुस्तक मिटून बसले होते. हळूच म्हणाले, “त्या तुमच्या स्थानिक मुली ना? एक आलीये बाहेर. अहो, एकीची सही चालते. पुस्तकात तेवढंच आहे.”

“सर, आपल्या टेबलाचा नियम आहे. तीन वर्षं सगळ्यांना लावला. आता आपल्या पोरींसाठी मोडला तर लोक काय म्हणतील?”

सरांनी खांदे उडवले. “टेबल तुमचं.”

दार लोटलेलं होतं. वृंदाला ऐकू गेलं नाही.

बाहेर आले, पट्टी घेतली, आणि ठीक बाराला शेवटच्या नावाखाली लाल रेघ मारली. रेघ सरळ आली याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकते.

बारा वाजून नऊ मिनिटांनी स्कूटर आली. सगुणच्या कपाळावर ओलं कुंकू, शर्टाची बटणं वरखाली. रसिका मागे बसलेली, हातात केळीच्या पानाची पुडी. मी पायरीवर उभी राहून, सगळ्या देशांच्या मुलींसमोर, शुद्ध मराठीत भाषण केलं. देवळात तासभर उभं राहायला वेळ आहे आणि इथं पाच मिनिटं आधी यायला नाही? जगात लोक कुठे चाललेत आणि आपण पाकळ्या मोजतोय? वगैरे. शिस्त हा शब्द त्यात निदान सहा वेळा आला असेल.

सगुणनं सगळं ऐकून घेतलं. “चुकलं, बाई,” एवढंच म्हणाला.

 रसिकानं ती पुडी उघडून बघितली, पुन्हा बांधली. वृंदा तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मला वाटलं दोघी भांडतील. वृंदा म्हणाली, “चल, कडी-शीत खाया. भूक लागलीहा.”

वाइल्ड कार्ड दुसऱ्या जोडीला गेलं. त्या वर्षी राखीव जोडी दुसरी नव्हतीच, म्हणून उशिरा येऊनही रसिका-वृंदाचं नाव राखीव यादीत पहिलं.

राखीव असणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर आमच्या ऑफिसच्या बाकावर बसायला हवं होतं. रोज सकाळी पहिल्या सामन्याच्या अर्धा तास आधी सही करायची आणि मग दुसऱ्या कुणाचं तरी वाईट व्हायची वाट बघत बसायचं. कुणी आजारी पडलं, कुणी पाय मुरगळला, तर तुम्ही आत. पायात बूट, रॅकेट तयार. हाक मारल्यावर ‘आलेच’ चालत नाही.

आता दुहेरीतलं दुखणं हा स्वतंत्र विषय आहे. एकेरीत जी मुलगी हरते तिला दुहेरीसाठी थांबायचं नसतं. तिला पुढच्या गावची गाडी पकडायची असते. मग ती लंगडत माझ्याकडे यायची. सकाळी कोर्टावर हरणासारखी पळणारी मुलगी दुपारी कमरेला हात लावून दारात. मी वर्षानुवर्षं या दुखण्यांशी लढले. डॉक्टरला बोलवायचे, स्वतः शेजारी उभी राहायचे, आणि मुलीला माझं इंग्रजी ऐकवायचे. एकीला मी इतकं बोलले की तिची कंबर तिथल्या तिथे बरी झाली.

सोमवार गेला. कुणी आजारी पडलं नाही. इतकी निरोगी स्पर्धा मी आयुष्यात बघितली नव्हती. बाकावर रसिका आणि वृंदा. एक सॉक्स काढून घालतेय, दुसरी रॅकेटच्या तारा सरळ करतेय. माझ्या खुर्चीतून त्या समोरच दिसायच्या. मी मेज फिरवून घेतलं, तर त्या काचेत दिसायला लागल्या. त्याच काचेत, कागदाच्या शेजारी.

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही, एवढं वय आता झालंय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी विचारायला लागले, “कशी आहेस? झोप लागली? पोट बरं आहे ना? आमचं पाणी कुणाकुणाला बाधतं.” पोरी हसून म्हणायच्या, “फाइन, मॅडाम!” मी मनात म्हणायची, मर मेले, फाइन.

साडेअकराला कात्या एकेरीत हरली. बाराला ती दारात, कमरेवर हात.

मी उठले आणि तिला स्वतः बसायला कदेल ओढून दिलं.

“बस गो बाय, बस. फार दुखतं?”

ती दचकली. माझ्याकडून तिनं हे ऐकलं नव्हतं. डॉक्टर आला, त्यानं डावीकडे दाबलं, ती गप्प. उजवीकडे दाबलं, ती गप्प. मग एकदम आठवून ओरडली, तेव्हा त्याचा हात नुसता स्टेथोस्कोपवर होता. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी जनेलाबाहेर बघत होते. बाहेर एक कावळा होता, त्याच्याकडे मी फार लक्षपूर्वक बघितलं.

“लिहा,” मी म्हटलं. “पोर कळवळतेय.”

अशी जागा झाली. पण ती दुसऱ्या मानांकित जोडीसमोरची. वाइल्ड कार्डवाल्यांना समोर जी जोडी मिळाली होती ती आदल्याच दिवशी हरून गेलीही होती. वाइल्ड कार्डवाल्यांना त्यांचा गुण मिळाला होता. हे मी बाकाकडे बघून कुणाला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, “चार वाजता, तीन नंबर कोर्ट.” दोघी अशा उठल्या की बाक उलटा झाला.

पहिला सेट सव्वीस मिनिटांत गेला, सहा-दोन. समोरच्या दोघी धिप्पाड, सर्व्हिस आली की वारा लागायचा. सगुण दगडी पायरीवर बसला होता, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत. अर्धी शिफ्ट टाकून आलेला. मी ऑफिस सोडून यायचं नसतं. आले. ब्लेझर काढून ठेवून आले.

दुसऱ्या सेटमध्ये काय झालं ते दोघींनाही आजतागायत सांगता येत नाही. रसिकाचे उंच चेंडू मागच्या रेषेला शिवायला लागले. वृंदा जाळ्याजवळ इतकी शांत उभी राहायची की समोरच्या तिला विसरायच्या, आणि मग तिच्याच अंगावर मारायच्या. सात-पाच. दुहेरीत तिसरा सेट नसतो. त्याऐवजी एक लांब टायब्रेक, आधी दहा पॉइंट करेल तो जिंकला. सात-सात. आठ-सात आपल्या. आठ-आठ. आठ-नऊ.

मग एक चेंडू आला, मधोमध. फार जोरात नाही, फार हळूही नाही. रसिका घेऊ शकली असती, वृंदाही. नऊ वर्षं त्या दोघींना हे विचारावं लागलं नव्हतं. त्या क्षणी दोघी थांबल्या, एकमेकींकडे बघितलं, आणि चेंडू मधून गेला. दोन दिवस बाकावर बसलं की माणूस आपली पाळी येण्याची वाट बघायला शिकतं. हे माझं मत. दामले सरांचं मत, दमल्या होत्या.

कुणी रडलं नाही. हात मिळवले, बॅगा भरल्या. मी सगुणजवळ जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “देवीनं कौल दिला तरी हे असं झालं बघ.”

“दिला खंय?” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“डावी पडली, बाई. चक्क डावी. भट म्हणालो, सगुणा, नाय म्हणता ती.”

“आणि तरी घेऊन आलास?”

त्यानं निळ्या बाहीनं तोंड पुसलं. “पोरगी काय एक बोलाक नाय. गप चपला घालूक लागली. तिचा तोंड बघलंय आणि देवीक म्हटलंय, तू रागाव नको, मी मागसून येऊन पाय धरतंय. आणि स्कूटर काढलंय.” मग म्हणाला, “तुमचो नियम तो नियम, बाई. तुमका दोष नाय. तुमी तरी काय करतल्यात?”

मी गळ्यातली शिट्टी काढून पर्समध्ये टाकली. त्याच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवारी रसिका कारखान्यात रुजू झाली.

पुढच्या वर्षी स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी जाऊन तो कागद काढला. चिकटपट्टीचा डाग काचेवर राहिला, रॉकेलनं पुसला तरी.  त्यानंतर मी एकीची सही घेत होते. काहीही कोसळलं नाही. एकदा पुन्हा तीन मुलींचं भांडण झालं, त्यांना मी चहा आणि उंडो पाव दिला, गप्प झाल्या. हे आधीच सुचायला हरकत नव्हती.

आता त्या मेजाची गरज उरलेली नाही. सह्या मोबाइलवर होतात, रेषांवर कॅमेरे आलेत. नात म्हणते, “आजी, तुझं काम आता मशीन करतं.” मी म्हणते, बरंच झालं, मशीन निदान भाषण करत नाही.

रसिका आज त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे, तिच्या हाताखाली पन्नास बायका. वृंदा माझ्याच शाळेत माझ्याच जागेवर. रविवारी सकाळी दोघी सिमेंटच्या कोर्टावर खेळतात, समोर जो कुणी येईल त्याच्याशी, आणि मधला चेंडू कुणी घ्यायचा यावर अजून एकमेकींना टोमणे मारतात. मला पंच म्हणून बसवतात. सगुण असेपर्यंत तोही यायचा. खेळून झालं की पाव-भाजी, चहा, आणि कधी तो शनिवार निघतोच. रसिका हसत म्हणते, “टिचर, देवीनं ती पाकळी जरा आधी टाकली असती तर!” वृंदा म्हणते, “भटान पाणी जास्त लायलला.” मीही हसते. म्हणते, “हो ना, देवीला काय, घड्याळ नाही.”

इतकी वर्षं मी हे देवीच्या अंगावर ढकललं. ती काही बोलत नाही, म्हणून. तिनं नाही म्हटलं होतं तरी सगुणनं तिची समजूत काढली आणि तिनं ती काढू दिली. माझी समजूत काढायला वृंदा पेन हातात घेऊन उभी होती. सर सांगत होते. एकीची सही चालत होती, पोरींनो. पुस्तकात तेवढंच लिहिलं होतं. दोघी हव्यात हे माझं होतं, शाळेच्या टाइपरायटरवरचं.

हे तोंडावर सांगायला मी सतरा वर्षं रविवार बघतेय. दर रविवारी पाव आड येतो. म्हणून इथं लिहिते आहे; वृंदा हा अंक शाळेत मागवते, रसिकाला वाचायला देते. वाचून झाल्यावर मला चार शब्द सुनवायला यावं. दुपारी मी घरीच असते. दोघी आलात तर बरं. एकटी आली तरी चालेल.